कपिला उकळली तो फाल्गुन

शिजलेल्या झेंडूचा वास तुम्ही कधी घेतला आहे का? नसेल, तर घेऊ नका. फाल्गुन सरत आला, कातळ तापला, काजूच्या बोंडांना वास सुटला आणि खाडीवरून सुक्या मासळीचा दर्प यायला लागला की या ओळखीच्या वासांच्या मागून तो एक वास माझ्या नाकाशी येऊन उभा राहतो. दहाबारा वर्षं झाली. घरात दुसरं कुणी त्याचं नाव काढत नाही. मी मात्र दर वर्षी तितकीच हादरते, आणि हातातलं काम तसंच ठेवून दाराशी जाऊन उभी राहते.

परवा मोटार-स्टँडवरून येत होते. भिंतीवर नव्या नियमांचा कागद लावलेला, नि त्याच्यापुढे ड्रायव्हर, क्लीनर, मालक अशी ही गर्दी! मोटारीत माणसं किती, टपावर ओझं किती, भोंगा कसला, दिवे कसले. एक जण मोठ्यानं वाचत होता, बाकीचे माना हलवत होते. पुरुषांचं मला नवल वाटतं. नियम आला की त्यात लिहिलंय तेवढंच ते वाचतात. त्या नियमानं उद्या सकाळी कुणाच्या हातचं कुठलं काम सुटणार आहे, ते कुणी वाचत नाही. मी थांबून दोन शब्द बोलले असते, पण बाईमाणसानं स्टँडवर उभं राहून नियमांवर बोलायचं म्हणजे तिच्यासाठी वेगळा कागद लावायची पाळी. मुकाट्यानं घरी आले.

कपिला म्हणजे आमची मोटार. मुंबईहून गलबतात घालून आणलेली, मूळची कुणा व्यापाऱ्याची, आमच्याकडे आली तेव्हाच अर्ध्या वयाची. वर कॅनव्हासचं छप्पर, बाजूला उघड्या फळ्या, पुढे हँडल मारल्याशिवाय जागी व्हायची नाही. रत्नागिरीहून पाली, पालीहून साखरपा, आणि पॅसेंजर मिळाले तर वर घाटापर्यंत अशी तिची फेरी. 'कपिला' हे नाव सासूबाईंनी ठेवलं. वसुबारसेला त्या गाईबरोबर मोटारीलाही ओवाळायच्या, पुढच्या चाकांवर पाणी घालायच्या आणि पोळीचा तुकडा पुढच्या जाळीपाशी धरायच्या. "खात नाही हो ती," असं मी एकदा म्हटलं, तर म्हणाल्या, "तुझा नवरा कमावतो ते काय तू खाऊ घालतेस म्हणून? तिच्या जिवावर आहे."

कपिलेच्या पुढच्या जाळीमागे पाण्याची टाकी होती. तिला सगळे रेडिएटर म्हणत, सासूबाई रेड्याटर म्हणत. त्या टाकीच्या टोपणावर एक काचेची नळी उभी बसवलेली होती. पाणी तापलं की त्या नळीत लाल रेघ चढायची. ड्रायव्हरला आपल्या जागेवरून ती समोर दिसायची. मला लग्न होऊन येईपर्यंत माणसाला ताप येतो एवढंच ठाऊक होतं. मोटारीलाही येतो आणि तिच्या कपाळावर तो मोजता येतो, हे पाहून मी थक्कच झाले होते.

हिवाळ्यात ती रेघ तळाशी असायची. फाल्गुन लागला की ती वर सरकू लागे आणि आमच्या घरातली माणसं तिच्याबरोबर वर सरकत. हे जेवताना बोलेनासे व्हायचे. कुणी पाणी मागितलं तरी यांना पाण्यावरून मोटार आठवायची. नव्या मोटारींत पाणी फिरवायला पंप आले होते. कपिलेत पंप नव्हता. तिच्यातलं पाणी तापलं की आपल्या मनानं वर चढायचं, टाकीत निवलं की आपल्या मनानं खाली उतरायचं. सगळा कारभार असा मनावर. दाऊद म्हणायचा, "वहिनी, ही म्हातारी हाय. हिला फुंकर घालायला मानूस लागतो."

दाऊद आमचा ड्रायव्हर. राजिवड्याचा. यांच्यापेक्षा थोडा मोठा, पण यांना अण्णा म्हणायचा, सासूबाईंना काकी. केसांना इतकं तेल लावायचा की टोपी टिकत नसे. मिशांचा भारी अभिमान. भांडखोर म्हणाल तर अट्टल. स्टँडवर कुणी त्याचा पॅसेंजर ओढला तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करून मगच हँडल मारायचा. पण मोटारीत बसला की आवाज बंद. इंजिन बोलत असताना आपण बोलू नये, असं त्याचं म्हणणं. ईदेच्या दिवशी त्याच्या घरून खिरीचं भांडं यायचं. हे ओटीवर बसून ती खीर चाटूनपुसून खायचे, आणि सासूबाई नेमक्या त्या वेळी परसात तुळशीपाशी काहीतरी काम काढायच्या. सगळ्यांना सगळं ठाऊक होतं आणि सगळं छान चाललं होतं.

दाऊद आधी बोटीवर होता. आगवाला. जहाजाच्या पोटात भट्टीपुढे उभं राहून कोळसा मारायचा. त्याचा धाकटा भाऊही त्याच भट्टीवर होता. तो एका सफरीत उष्म्यानं पडला तो उठलाच नाही. त्याला दर्यातच सोडलं. दाऊद परत आला तेव्हा त्याचे डोळे कोकमासारखे लाल होते. त्याच्या बायकोनं, जुलेखानं, त्याचा हात आपल्या डोक्यावर ठेवून घेतला आणि त्याच्याकडून शपथ घेतली, की पुन्हा बोटीवर जायचं नाही. जमिनीवरचं कुठलंही काम कर, पण जमिनीवर कर. म्हणून तो मोटार शिकला. कपिला चालली तर दाऊद जमिनीवर राहणार, कपिला बसली तर दाऊद पुन्हा त्या भट्टीपुढे. एवढा साधा हिशेब होता, आणि आमच्या घरातल्या प्रत्येकाला तो पाठ होता. जुलेखा भेटली की "कसा काय?" असं विचारायच्या आधी "कपिला बरी हाय ना?" असं विचारायची.

आता शर्यतीचं सांगते. ही शर्यत हौसेची नव्हती. त्या वेळी स्टँडवर रोज सकाळी मारामारी. पॅसेंजर स्टँडवर आला की त्याची पिशवी एका मोटारीत, छत्री दुसरीत आणि तो स्वतः तिसरीच्या क्लीनरच्या कवेत. पहिली मोटार भरून निघाली की दुसरीला निम्मे, तिसरीला उरलेसुरले, आणि चौथी उन्हात उभी. तेव्हा मालकांनीच तोडगा काढला. वर्षातून एकदा, पाडव्याच्या आदल्या दिवशी, खाडीपलीकडच्या भाट्याच्या वाळूत मोटारी पळवायच्या. पहिला येईल त्याचा स्टँडवर वर्षभर पहिला नंबर. दुसऱ्याचा दुसरा. मग कुणी कुणाचा पॅसेंजर ओढायचा नाही. भांडण वर्षभराचं, ते एका ओहोटीत मिटवायचं. ऐकून मी कपाळावर हात मारला होता. पण चालत होतं खरं.

पाडव्याच्या आदल्या दिवशी अमावास्या. संध्याकाळकडे समुद्र इतका मागे जातो की भाट्याला वाळूचा ओला, घट्ट पट्टा नजर पोचेल तिथवर उघडा पडतो. चाक रुतत नाही. खाडीमुखापासून निघायचं, दूर सुरूच्या झाडांपाशी उभ्या केलेल्या पिंपाला वळसा घालायचा आणि परत यायचं. मोटारी खाडीपलीकडे न्यायच्या म्हणजे दोन होड्यांवर फळ्या टाकून केलेल्या तराफ्यावरून. मोटार तराफ्यावर चढली की सगळा गाव श्वास धरायचा, आणि पलीकडे उतरली की सगळा गाव शिट्ट्या मारायचा.

आदल्या वर्षी पहिला नंबर आमचा आला होता. कसा आला ते डोळ्यांपुढे आहे. बॉनेटची दोन्ही बाजूंची पानं काढून टाकलेली, इंजिन उघडं. दाऊदच्या शेजारी हे. आणि पुढच्या मडगार्डवर आमचा क्लीनर बाबल्या, एका हातानं मोटारीचा पुढचा दिवा धरून नि दुसऱ्या हातात पाण्याचा डबा. रेडिएटरला ओलं गोणपाट गुंडाळलेलं. बाबल्या धावत्या मोटारीवर बसून त्यावर पाणी मारत होता. आणि मोटार सुटल्या सुटल्या त्यानं काय केलं, तर सासूबाईंनी रेडिएटरवर बांधलेला हार काढला आणि आपल्याच गळ्यात घातला! सगळी वाळू हसली. नवरदेव, नवरदेव, म्हणून पोरं ओरडली. सासूबाईसुद्धा पदर तोंडाला लावून हसल्या. हार हे एक काम आहे आणि ते बाबल्या करतो, असं त्या दिवशी कुणाच्या मनात आलं नाही. ती गंमत होती.

त्याच शर्यतीत दुसऱ्या एका मोटारीचा क्लीनर मडगार्डवरून घसरला आणि चाक त्याच्या पायावरून गेलं. तो किंचाळला तो आवाज अजून माझ्या कानात आहे. आणि आणखी एका मालकानं मोटार हलकी करायला मागची बाकं, छप्पर, दारं सगळं काढून ठेवलं होतं. मोटार कसली, चार चाकांवरचा पाट!

म्हणून यंदा नियम आले. पेन्शनीत निघालेले एक फौजदार पंच होते. त्यांनी मालकांना बोलावून सांगितलं, की मोटारीवर बाहेर कुणी बसायचं नाही. आत फक्त ड्रायव्हर. बाकी पॅसेंजरांच्या वजनाची वाळूची पोती भरायची, म्हणजे सगळ्यांना ओझं सारखं. बॉनेट लावलेलं पाहिजे, वर पट्टा आवळलेला पाहिजे. आणि एकदा सुटल्यावर पाणी घालायचं नाही. नियम वाईट नव्हते. हे मी आजही म्हणते. ज्या बाईच्या नवऱ्याचा पाय गेला तिला विचारा. पण सगळ्यांना सारखे नियम म्हणजे सगळ्यांना सारखा त्रास, असं थोडंच असतं? आमच्या शेजारच्या शेट्यांची मोटार नवी, पंपाची. तिला बॉनेट लावलं काय नि काढलं काय. कपिलेची मात्र फुंकर घालणारी माणसं काढून घेतली, वर पोती लादली आणि तोंडावर झाकण घातलं. चुलीवर भात ठेवून झाकण दाबून धरायचं, खाली जाळ वाढवायचा, आणि उतू गेला तर भाताला बोल लावायचा! मी हे यांना म्हटलं, तर हे म्हणाले, "तू पंचांना सांगतेस का जाऊन?"

त्या फाल्गुनात आमचं अंगण म्हणजे मोटारीचं बाळंतघर झालं. शिमग्याला मुंबईहून आलेले पाहुणे अंगणात पाय ठेवायला जागा नाही म्हणून कुरकुरत परत गेले. दाऊद सकाळीच यायचा. त्यानं टाकी उतरवली, आतला क्षार काढायला मला आमसुलं मागितली. तांब्याची घागर आमसुलानं लख्ख होते, तर रेडिएटर का होणार नाही? मी बरणी रिकामी केली. टाकीतून आधी तांबडं, मग काळं, मग शेवाळी असं काय काय निघालं ते पाहून मला शिसारी आली. एवढं पोटात घेऊन ही बिचारी घाट चढत होती!

मग इंजिनाची घासाघीस. पेट्रोल जास्त पाजलं तर इंजिन थंड राहतं पण पळ कमी होतो, कमी पाजलं तर पळतं पण भडकतं. ठिणगी लवकर दिली तर एक, उशिरा दिली तर दुसरं. हे आणि दाऊद दिवसभर यावर वाद घालायचे. दोघांच्याही अंगावर इतकं काळं, की कोण हे नि कोण दाऊद ते आवाजावरून ओळखायचं.

"अण्णा, पुढे जाताना वारा पाठीवर. तेव्हा हिला हवा नाय," दाऊद अंगणाच्या मातीवर बोटानं रेघ काढून सांगायचा. "पिंपापर्यंत मी हिला सांभाळून नेतो. वळलो की वारा तोंडावर. मग सोडतो."

"शेट्या पुढे जाईल तेवढ्यात."

"जाऊ दे. येताना धरतो त्याला. रेघ बघूनच चालवणार मी. ती नळी माज्याशी खोटा बोलत नाय."

आणि खरंच, आठवडाभर आधी वाळूत पळवून पाहिली तर कपिला बॉनेट लावून, पोती घेऊन, न उकळता परत आली. रेघ वरपर्यंत आली, पण टोकाला टेकली नाही. हे अंगणात नाचायचेच बाकी राहिले. जुलेखा मुद्दाम येऊन कपिलेवरून मीठमिरच्या ओवाळून गेली. मी आणि ती परसात बसून काजू भाजले, हात काळे केले आणि उगीच हसत राहिलो. त्या फाल्गुनातला एवढा एकच दिवस मला निखळ आनंदाचा आठवतो.

अमावास्या उजाडली. सासूबाईंच्या मनाला अमावास्या कधी मानवली नाही. समुद्राला ओहोटी हवी म्हणून देवाच्या घरचा दिवस बदलायचा का, असा त्यांचा सवाल. त्यावर उतारा म्हणून त्यांनी भैरीबुवाला सांगणं केलं आणि देवाच्या अंगावर घालून आणलेला हार कपिलेसाठी घेऊन आल्या. दर वर्षी हार असायचाच. यंदाचा पाहून मात्र मी डोळे विस्फारले. झेंडू, मध्ये आंब्याच्या पानांचे टाळे, पुन्हा झेंडू, मनगटाएवढा जाड. खाडीमुखाशी सगळ्यांसमोर त्यांनी तो रेडिएटरला बांधला. जाळीवरून दोन वेढे, वर टोपणाला एक वेढा, आणि नळीभोवती गोंडा. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तसं कपिलेचं तोंडच दिसेनासं झालं.

दाऊद जवळ उभा होता. म्हणाला, "काकी, हार दांडगा झाला यंदा."

"मग!" सासूबाई फुलून म्हणाल्या, "भैरीबुवाच्या गळ्यातला आहे तो."

दाऊद हसला. त्यानं एकदा बाबल्याकडे पाहिलं. बाबल्या दोरीपलीकडे लोकांत उभा होता. यांच्याकडे पाहिलं. हे पंचांशी पोत्यांवरून हुज्जत घालत होते. मग तो आत जाऊन बसला. पंचांनी पट्टे तपासले, निशाण पडलं, आणि चार मोटारी एकदम ओरडल्या.

जाताना शेट्ये पुढे, आम्ही मागे. ठरल्याप्रमाणेच. ओल्या वाळूवर चाकांचे पट्टे उमटत गेले, कुर्ल्या बिळांत पळाल्या, आणि मोटारी लहान लहान होत सुरूंपाशी ठिपके झाल्या. हे माझ्यापासून थोड्या अंतरावर उभे होते, मुठी आवळून. पिंपाला वळसा घालून पहिला ठिपका बाहेर आला. मग दुसरा. आणि मग तो दुसरा पहिल्याला गाठू लागला. कपिला! लोक ओरडायला लागले. मी डोक्यावरचा पदर विसरले. अर्ध्या वाटेवर तिनं शेट्यांना मागे टाकलं आणि सरळ आमच्याकडे यायला लागली. पिवळं तोंड, मागे वाळूचा फवारा.

मग मला ते पांढरं दिसलं. आधी वाटलं, धूळ. पण ओल्या वाळूवर धूळ कुठली? हारातून वाफ येत होती. पाकळ्यापाकळ्यांतून. कपिला जवळ येत होती आणि तिच्या आवाजात खणखण सुरू झाली होती, घागरीत खडे हलवावेत तशी. बाबल्या माझ्या मागे ओरडला, "हार! हार काडा! नळी दिसत नाय त्याला!"

दाऊदनं पुढच्या काचेवरून हात बाहेर काढून वाकावं, गोंडा ओढावा, एवढंच काम होतं. हात पोचला असता. कपिलेचं बॉनेट आखूड आणि त्याचे हात लांब होते. आम्ही सगळे ते बघत होतो. त्याचा हात एकदा बाहेर आला. हवेत थांबला. आणि परत आत गेला.

समोर दोरी दिसत असताना त्यानं इंजिन बंद केलं. कपिला वाळूवर थोडी घरंगळली आणि दोरीच्या अलीकडे थांबली. शेजारून शेट्यांची मोटार गेली. मागून दुसरी. मग तिसरी. मला काही कळेना. सगळ्या वाळूवर एकदम शांतता आणि त्या शांततेत कपिलेच्या पोटातली उकळी. दाऊद चाकावर दोन्ही हात ठेवून समोर बघत बसला होता.

हे धावत गेले. "चालवायची होतीस! फुटली असती तर फुटली असती!"

"फुटलीच असती, अण्णा," तो म्हणाला. "मोटार तुमची हाय. मी फोडायची काय?"

सासूबाई पायांत वाळू भरत तिथे पोचल्या, आणि त्यांनी स्वतः तो हार ओढला. हात भाजला. टाळे काळे पडले होते, फुलं शिजून लिबलिबीत झाली होती, नि तो वास! नळीतली रेघ टोकाला टेकली होती. "अगो बाई," एवढंच त्या म्हणाल्या, आणि ते शिजलेलं निर्माल्य ओंजळीत धरून उभ्या राहिल्या. पहिला नंबर गेला, एवढं खरं. पण त्या घटकेला मला नंबर आठवला नाही. दोरीपलीकडे एका अंगाला जुलेखा उभी होती. तिनं मोटारीकडे पाहिलं नाही, यांच्याकडे पाहिलं नाही. ती समुद्राकडे पाठ करून चालायला लागली.

गावानं त्यावर काय म्हणावं? गाव दाऊदवर खूश! "मुसलमान असून देवाच्या हाराला हात लावला नाय त्यान. नंबर गेला, पण श्रद्धा बघा." देवळाच्या पारावर, सलूनात, मासळीबाजारात हेच. पाडव्याच्या दिवशी शेजारणी गुढीची गाठी घेऊन सासूबाईंना सांगायला आल्या, की तुमचा ड्रायव्हर म्हणजे देवमाणूस. सासूबाईही ते खरं मानून डोळे पुसायच्या. मलाही ते खरं वाटलं होतं. ऐकायला गोड होतं, कुणाला दोष लागत नव्हता, आणि मोटार मात्र चौथ्या नंबरवर उन्हात उभी होती.

चौथा नंबर म्हणजे काय ते मी चैत्र-वैशाखात पाहिलं. आधीच्या तीन मोटारी गेल्या की स्टँडवर उरायच्या दोन म्हाताऱ्या नि एक बोकड. आंब्याचा हंगाम, लग्नसराई, मुंबईकरांची ये-जा, सगळं समोरून शेट्यांच्या मोटारीत बसून गेलं. जेठ तोंडावर आला तेव्हा कोल्हापूरचा एक माणूस येऊन कपिलेला घेऊन गेला. हे आंब्याच्या वखारीत पेट्या बांधायला लागले. आणि दाऊदनं ट्रंक भरली. जुलेखानं त्याला शपथेची आठवण दिली नाही. घरात चार तोंडं असली की शपथ कुठल्या तोंडानं आठवायची?

पावसाळ्यापूर्वीची शेवटची आगबोट. सासूबाई म्हणाल्या, मी बंदरावर जाणार. आंबापोळीची चवड फडक्यात बांधून आम्ही दोघी गेलो. हे आले नाहीत. वखारीत काम आहे म्हणाले. जुलेखाही आली नव्हती. ज्या पाण्यानं दीर नेला ते बघायचं नाही, म्हणाली होती. बोट दूर उभी होती, माणसं न्यायला पडाव धक्क्याला लागलेला. दाऊदच्या मिशा तशाच पिळदार, केसांना तेल तसंच. त्यानं पुरचुंडी घेतली, हुंगली, हसला.

सासूबाईंना राहवलं नाही. "दाऊद, मेल्या, एक विचारू? त्या दिवशी हार काढून टाकायचा होतास रे. मीच म्हणते. एवढा कसला घाबरलास? देव काय रागावला असता?"

"देव नसता रागावला, काकी."

"मग?"

दाऊदनं ट्रंक पडावात दिली. मग शांतपणे, इंजिनाचं काही समजावून सांगावं तसा, म्हणाला, "वाळूत देव एकटाच नव्हता. मानसां होती. बाबल्यान हार काडला तेव्हा मस्करी झाली. अण्णान काडला असता तर घाई झाली असती. मी काडला असता तर? दाऊदान देवाचा हार तोडलान. सांजेपर्यंत सगळ्या बाजारात तेच. नंबर मिळाला असता, काकी. पन मग त्या मोटारीत बसला कोन असता?"

तो पडावात उतरला. वल्ही पाण्यात पडली. सासूबाईंचा हात आशीर्वादाला वर गेला होता तो तसाच राहिला, आणि मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले, कारण दुसरीकडे कुठे बघावं ते मला सुचेना. दोन महिने आम्ही ज्याला भक्ती म्हणत होतो, ती भीती होती. आमची. आम्ही ओवाळलेल्या मोटारीत बसून, आमच्याच लोकांकडे तोंड करून येताना त्या माणसाला आमची भीती वाटली होती.

वाटेत सासूबाई एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बोलत होत्या. "भलतंच! कोण बोललं असतं असं? आपल्यातलं कोण बोललं असतं?" मीही मान हलवत होते. बाबल्या बोलला नसता. शेजारी बोलले नसते. शेट्येसुद्धा बोलले नसते, असं मी म्हणाले.

घरी आलो तेव्हा हे वखारीत नव्हतेच गेलेले. ओटीवर बसले होते. सासूबाईंनी चपला काढायच्या आधी सगळं सांगितलं आणि म्हणाल्या, "आता तूच सांग बाबा. दाऊदला आपलं माणूस मानणारी आपण. कोण बोललं असतं?"

हे मान वर न करता म्हणाले, "दुसऱ्याचं मला ठाऊक नाही, आई. त्याचा हात बाहेर आला, तेव्हा माझ्या तोंडात ते आलंच होतं."